म्हणे, दोन रुपयांत झेरॉक्स भेटते!

घरी प्रिंटर घ्यायचा विषय काढून पाहा. चिखली असो, मेहकर असो की खामगाव, उत्तर तयार असतं. "कायले पाह्यजे घरी प्रिंटर? दोन रुपयांत झेरॉक्स भेटते. शाई वाळून जाते, मंग ठेवा सोकेसमधी." बोलणारा व्यवहारी ठरतो आणि घेणारा हौशी. मास्तर, बँकेतले कर्मचारी, कृषी केंद्रवाले, सगळे हाच सूर लावतात आणि हिशेब मात्र कोणी करून दाखवत नाही. या बोलण्यात खरं काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण जेवढं खरं आहे तेवढ्याच्या आडोशाला बरंच खोटं खपून जातं, आणि त्या खोट्याची किंमत आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली घरं दर मे-जून महिन्यात मोजतात.

खरं काय ते आधी मान्य करून टाकतो. चार-पाच हजारांत मिळणारं कार्ट्रिजवालं ऑल-इन-वन यंत्र ज्यानं घेतलं, तो पोळलेला आहे. खोक्यातून सोबत येणारी कार्ट्रिज पुष्कळदा अर्धीमुर्धीच भरलेली असतात. नवी काळी कार्ट्रिज आणायची तर सात-आठशे रुपये मोजा, आणि लहान कार्ट्रिजमधून निघणारी पानं कंपनी स्वतःच शे-दीडशे सांगते. तीसुद्धा पानाचा पाचेक टक्के भागच छापला जाईल असं धरून. आपला सातबारा किंवा आठ-अ काढून बघा, रेघा आणि रकान्यांनी पान भरलेलं असतं. म्हणजे पानामागं नुसत्या शाईचे निदान पाच-सहा रुपये झाले, कागद वेगळाच. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि शाईत वसूल करायचं, हा या धंद्याचा जुना डाव. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज एकाएकी नाकारायला सुरुवात केली, तेव्हा हा डाव जगाला उघड दिसला. ग्राहकांना नीट कल्पना न देता असली बंधनं घातली म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२० मध्ये त्या कंपनीला एक कोटी युरो दंड केला.

तेव्हा कार्ट्रिजवाल्या यंत्राबद्दल कोणी बोटं मोडत असेल तर मीही त्याच्याबरोबर मोडतो. पण तिथंच थांबून 'प्रिंटर म्हणजे पांढरा हत्ती' असा निकाल देणाऱ्यांना बाजारात नंतर काय घडलं याची खबरच नाही. इंडोनेशियात दुकानदार कार्ट्रिजच्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून शाई पुरवत होते. आपल्याकडे सिरिंजनं कार्ट्रिज भरून देणारे होते, त्यांचेच हे भाऊबंद. या जुगाडाशी भांडून उपयोग नाही हे एप्सननं ओळखलं आणि २०१० साली तिथंच कारखान्यातून टाकी लावलेला प्रिंटर विकायला काढला. पुढं तो भारतात आला, मग कॅनन आलं, एचपी आलं, ब्रदर आलं. आज अशा इंक टँक यंत्राच्या काळ्या शाईच्या एका बाटलीत चार-साडेचार हजार पानं निघतात असा कंपनीचा दावा असतो, आणि बाटली काही शे रुपयांना मिळते. दाव्यातली निम्मी पानं हवेत गेली असं धरलं तरी पानामागं शाईचे वीस पैसेसुद्धा होत नाहीत. महागडी शाई हा आक्षेप दहा-बारा वर्षांपूर्वी बरोबर होता. आता तो टाकीवाल्या यंत्राला लागू होत नाही.

गंमत अशी की हाच आक्षेप ज्याच्या काउंटरवर उभं राहून आपण ऐकतो, त्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या टेबलावर रंगीत प्रिंटसाठी बहुतेक वेळा हेच टाकीवालं यंत्र चालू असतं.

आता शाई वाळण्याचं बघू. वाळते, यात शंका नाही. इंकजेटच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात आणि शाई पाण्याची असते. काही कंपन्यांच्या यंत्रात ती छिद्रातून बाहेर पडते उष्णतेनं. १९७७ मध्ये कॅननमधल्या इचिरो एंडो यांच्या हातची गरम डाग देण्याची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, टोकातून शाई उडाली, आणि त्यातून ही रीत निघाली. एप्सन उष्णतेऐवजी विजेच्या दाबानं थरथरणारा स्फटिक वापरते. रीत कुठलीही असो, छिद्राच्या तोंडाशी हवा लागली की शाई सुकणार. घाटावर बुलडाण्यात त्यातल्या त्यात बरं, पण घाटाखाली मलकापूर-नांदुरा-शेगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, हवेत ओल नसते आणि घरात दिवसभर कूलर घरघरत असतो. तिथं दोन महिने न वापरलेलं यंत्र रुसणारच.

पण ते रुसण्याचं मोठं कारण ऊन नसतं, आपली बोर्डावरचं बटण बंद करायची सवय असते. यंत्राचं स्वतःचं बटण दाबलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं, छिद्रं झाकली जातात, मगच यंत्र झोपतं. आपण काय करतो? प्रिंट निघाली की भिंतीवरचा स्विच खट्. हेड असेल तिथं अडकतं, कधी अर्ध्या वाटेवर, उघडं. छपाई चालू असताना वीज गेली तरी हेच होतं. रात्रभर उघडं राहिलेलं हेड सकाळी पांढऱ्या पट्ट्या मारत छापतं आणि आपण म्हणतो, "पाह्य, वाळली शाई." मग घाबरून हेड क्लीनिंगवर क्लीनिंग मारली जाते. त्या प्रत्येक खेपेत चांगली शाई आतल्या स्पंजात वाया जाते. स्पंज भरला की यंत्र काम थांबवून संदेश दाखवतं आणि दुरुस्तीवाल्याकडं न्यावं लागतं. एकदा क्लीनिंग करावी, तासभर थांबावं, नोझल चेकचं पान काढून बघावं. आठवड्याला एखादं रंगीत पान, पोरांच्या शाळेचा तक्ता का होईना, काढत राहिलं आणि यंत्र त्याच्याच बटणानं बंद केलं, तर वाळण्याची तक्रार बहुतेक घरांत उरत नाही. इन्व्हर्टर असेल तर प्रिंटर आणि राउटर दोन्ही त्यावर टाकावेत.

आता दोन रुपयांकडं येतो, कारण सगळं भांडण तिथंच आहे.

हिशेब उघडपणे मांडतो. वायफाय असलेलं टाकीवालं यंत्र बारा-तेरा हजारांच्या घरात येतं. बारा हजार धरा. पाच वर्षं चाललं तर महिन्याला दोनशे. महिन्याला तीस पानं काढली तर पानामागं यंत्राचेच साडेसहा-सात रुपये पडले, वर कागद-शाईचा रुपया. दोन रुपयांशी तुलना केली तर मी हरलो. पण दोन रुपये हा भाव झेरॉक्सचा आहे, म्हणजे तुमच्या हातात कागद आधीच असेल तेव्हाचा. मोबाईलवरच्या पीडीएफची प्रिंट काढायची तर काउंटरवर पाच मागतात, कुठं दहा. स्कॅन करून पीडीएफ करून द्यायला आणखी वेगळे. फोटो आणि सही अमुक केबीत बसवून द्यायला त्याहून वेगळे. एकाच घरातली बारावीची मुलगी, पीक कर्ज काढणारा बाप आणि निराधार योजनेचा अर्ज भरणारी आजी धरली, तर मे-जूनमध्ये महिन्याची पानं तीसवर थांबत नाहीत. झेरॉक्स स्वस्त आहे, पण आपल्याला हल्ली झेरॉक्स लागतेच किती?

आपल्या गरजेचं रूप बदललंय, हे दोन रुपयेवाले बघतच नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो, पंधरा रुपये भरले की झालं. त्यावर तलाठ्याची सही लागत नाही, तो कायदेशीर धरला जातो. पण बँकेत साहेबांच्या टेबलावर मोबाईलचा पडदा चालत नाही, कागदच ठेवावा लागतो. २०१५ च्या मार्चमधल्या शासन निर्णयानं राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याची कटकट पुष्कळ ठिकाणी संपवली. प्रतीवर अर्जदारानं स्वतः सही करायची आणि साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र द्यायचं. पूर्वी शिक्क्यासाठी तालुक्याला जावंच लागायचं, त्यामुळं घरात प्रत काढून काय उपयोग होता? आता उतारा घरी येतो, सही घरची चालते, आणि मधला एक कागद छापायला माणूस सोयाबीनची सोंगणी टाकून काळी-पिवळीत बसून चिखलीला जातो. शासनानं दोन खेटे कमी केले आणि तिसरा आपण हौसेनं चालू ठेवलाय.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळी सेतू केंद्रांपुढं लागलेल्या रांगा आठवा. त्या रांगांतल्या किती बायांचं काम खरोखर अधिकाऱ्याकडं होतं, आणि कितींचं नुसतं कागद छापून किंवा स्कॅन करून घेण्याचं? एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे हे मान्य, पण बुडालेल्या रोजीला सवलत नाही.

इथं दुसरा शहाणा उठतो. "स्कॅनर कशाला, मोबाईलनं फोटो मारला की झालं." रेशन कार्डाच्या एका पानासाठी ठीक आहे. पण प्रवेशाच्या पोर्टलवर फोटोत कोपऱ्यात अंगठा, मधोमध मोबाईलची सावली आणि कागद तिरपा असला तर छाननीत तो परत येतो आणि मुदत तर त्याच संध्याकाळी संपत असते. काचेवर कागद सरळ बसतो, उजेड सगळीकडं सारखा पडतो. १५० डीपीआय आणि ग्रे निवडलं तर फाईलही लहान होते, केबीच्या मर्यादेत बसवायला वेगळी खटपट उरत नाही. आणि स्कॅनला शाई लागत नाही. काही कंपन्यांची यंत्रं शाई संपली की स्कॅनही करू देत नाहीत, त्यावरून अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आहेत. घेताना दुकानदाराला हा प्रश्न विचारावाच.

मोबाईलवाल्यांचं एक मात्र बरोबर आहे. स्वस्त यंत्रातला स्कॅनर काचेला चिकटलेलंच स्वच्छ वाचतो. आजोबांच्या काळचं मोडी लिपीतलं बाड किंवा शाळेचं जाडजूड प्रवेश रजिस्टर मधोमध उचललेलं राहतं, आणि शिवणीजवळचा मजकूर धूसर येतो. जात पडताळणीसाठी असल्या जुन्या नोंदी लागतात, तिथं चांगल्या उजेडात काढलेला फोटोच सरस. खरेदीखताचंही तसंच. ते लीगल आकाराचं असतं आणि घरगुती यंत्राची काच ए-फोरची. ते घेऊन दुकानातच जावं लागेल.

पैशाहून मोठी गोष्ट काउंटरवर कोणी बोलत नाही. प्रिंट काढायची तर आपण फाईल दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पोरीचा फोटो, उत्पन्नाचा दाखला. दुकानदार प्रामाणिक असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाही. पण त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गावाचे आधार पडून असतात आणि त्या संगणकावर दिवसाकाठी चारजण बसतात. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू विभागीय कार्यालयानं सांगितलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या, सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर पुसून टाका. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारनं ते पत्रक मागं घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. पत्रक गेलं, पण सल्ल्यात चूक काय होती? मास्क्ड आधार घरी उतरवून घरीच छापणं ज्याला जमतं, त्याला तो सल्ला पाळता येतो. बाकीच्यांनी पाळायचा कसा, हे त्या पत्रकानं सांगितलं नव्हतं, आणि दोन रुपयेवालेही सांगत नाहीत.

राहिलं नेटवर्क. याच्यावर टीकाकार सगळ्यात जोरात हसतात. "वायफायवर प्रिंटर? तो सापडतच नाही. सदा ऑफलाइन." मग दुकानात गेल्यावर दीड-दोन हजार वाचवायला वायफाय नसलेलं, नुसतं केबलवालं मॉडेल उचलतात. ते लॅपटॉपला जोडतात, लॅपटॉप पोराबरोबर संभाजीनगरला शिकायला जातो, आणि मग यंत्र खरंच शोकेसची शोभा होतं. आपल्या घरांत संगणक एखादाच, कधी एकही नसतो. मोबाईल मात्र प्रत्येकाच्या हातात. यंत्र राउटरला जोडलेलं असलं तर वरच्या मजल्यावरचा काका, खालची आई आणि सुट्टीत आलेली आत्या, सगळ्यांना ते आपापल्या फोनवरून चालवता येतं. अँड्रॉइड फोनमध्ये छपाईची सोय आता आतूनच असते, आयफोनमध्ये २०१० पासून आहे. स्कॅनही थेट फोनवर येतो. हा पैसा वाचवणं म्हणजे बैल घेऊन कासरा न घेणं.

'सापडत नाही' यामागं बहुतेक वेळा ठरावीक कारणं असतात. स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात. राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालत असेल तर जोडणी करताना ५ गिगाहर्ट्झचं नाव प्रिंटरला दिसणारच नाही. एकदा जोडला की फोन कुठल्याही पट्टीवर असला तरी चालतं, घरचं जाळं एकच असतं. फोन मोबाईल डेटावर असेल, किंवा पाहुण्यांसाठी काढलेल्या वेगळ्या वायफायवर असेल, तर मात्र सापडत नाही. आणि आपल्या भागातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वीज. लाइट गेली, राउटर बंद पडला, लाइट आली आणि राउटरनं सगळ्या यंत्रांना नव्यानं पत्ते वाटले. काल प्रिंटरचा पत्ता एक होता, आज दुसरा, आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. पडद्यावर 'ऑफलाइन' येतं ते बहुतेकदा यातून. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता एकदाच राखून ठेवला की ही कटकट कायमची जाते. इंटरनेट जोडून देणारा मुलगा येतो तेव्हाच त्याला हे सांगावं, दहा मिनिटांचं काम आहे.

चोर शिरतील ही भीतीही कुणी कुणी घालतं. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एका उपद्रवी माणसानं जगभरातल्या सुमारे ५० हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबरच्या जाहिरातीची पानं छापून दाखवली, ही घटना खरी. पण ते प्रिंटर कोणी ना कोणी थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते. घरच्या राउटरमागं असलेलं यंत्र बाहेरून असं दिसत नाही, जोवर राउटरमध्ये त्याच्यासाठी वाट उघडलेली नसते. यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला आणि वायफायचा पासवर्ड गल्लीभर वाटू नका. आधारची फाईल दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर बिनधास्त टाकणाऱ्यानं घरच्या प्रिंटरच्या सुरक्षेची काळजी करावी, हे मला तरी पटत नाही.

शेवटी पोटाचा मुद्दा काढतात, झेरॉक्सवाल्याच्या पोटावर पाय येईल म्हणून. त्याचं पोट आपल्या दोन-पाच प्रिंटांवर कधीच नव्हतं. लीगल कागद, बाइंडिंग, लॅमिनेशन, वह्या-पेनं, पोर्टलवर अर्ज भरून देणं, हे त्याचं काम आणि ते राहणारच. मे महिन्यात त्याच्या दुकानापुढची गर्दी थोडी हलकी झाली तर तोही सुटकेचा श्वास सोडेल.

मीही सगळ्यांना घ्या म्हणत नाही. बुलडाण्यात तहसीलजवळ राहणारा, एकटा, वर्षातून दहा पानं लागणारा माणूस असेल, त्यानं घेऊ नये. त्याचं यंत्र खरंच वाळेल आणि दोन रुपयांचा हिशेब त्याच्यासाठी बरोबरच आहे. पण लोणार किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात, पाच-सात माणसांच्या घरात, जिथं शिकणारी पोरं आहेत, शेती आहे, घरी वायफाय आलेलं आहे आणि तालुक्याला जायला तास लागतो, तिथं टाकीवालं, वायफायवालं यंत्र घ्यावं. घेण्याआधी काळ्या बाटलीचा भाव आणि ती जवळच्या शहरात मिळते का ते विचारावं, स्पंज बदलायला कुठं जावं लागेल तेही विचारावं. चुलत्यांनी मिळून घेतलं तर आणखी बरं, यंत्राचे बारा हजार दोन घरांत वाटले जातात आणि रोज वापर झाल्यानं शाईही वाळत नाही.